सातोनकर डॉक्टर आणि डोक्यातलं पाणी

सातोनकर डॉक्टरांना कुठंही कोणी आडवं पडलेलं दिसलं, की त्यांचा हात आपोआप त्या माणसाच्या डोक्याखालच्या उशीकडे जायचा. एकदा आम्ही दोघं भोकरदनला एका पाटलांकडे पुरणपोळीच्या जेवणाला गेलो होतो. पाटील जेवून जरा लवंडले, डोळा लागला. डॉक्टरांनी अलगद त्यांची उशी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली. पाटील दचकून उठायला लागले, तर यांनी त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"उठू नका! बिलकुल आडवं!"

आपल्याला झालंय तरी काय, हे पाटलांना कळेना. सगळं घर गोळा झालं. पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हा कुठं डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की पाटलांचं ऑपरेशन झालेलं नाही. "माफ करा, आदत पडली," असं म्हणून त्यांनी उशी परत केली आणि विडा तोंडात टाकला.

जालन्यात त्यांना लोक उशीचोर डॉक्टर म्हणायचे. ते निजामाच्या अमदानीतले दिवस. मी सरकारी शाळेत मास्तर होतो. हिशेब शिकवायचो उर्दूत आणि रागवायचो मराठीत. मस्तगडला माझ्या घराला लागूनच डॉक्टरांचा लहानसा दवाखाना होता. हैदराबादेत शिकलेला माणूस. तिथंच राहिला असता तर बग्गीत फिरला असता. पण तो आमच्या गल्लीत राहिला, याचा मला स्वतः डॉक्टर झाल्यासारखा अभिमान होता.

त्या वेळी ऑपरेशन म्हटलं की लोक घरच्यांचा निरोप घेऊनच यायचे. डॉक्टर कमरेच्या मणक्यात सुई देऊन खालचं अंग बधिर करायचे. माणूस टक्क जागा, पोट फाडलेलं, आणि तो डॉक्टरांना म्हशीचा भाव सांगतोय! हे बघून गाव थक्क व्हायचं. डॉक्टरांना त्याचं काहीच वाटत नसे. "सुई तर कोणीही देईल," ते म्हणायचे. "खरी गंमत त्याच्या पुढं हाय. डोक्यातलं पाणी सांभाळायचं!"

हे डोक्यातलं पाणी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ते समजावून सांगायला त्यांनी ओट्यावर एक पत्र्याचा डबा ठेवला होता. त्याच्या बुडाला भोक, भोकाला मेणाचं बूच. डब्यात पाणी भरायचं आणि त्यात एक मोसंबी सोडायची. रोग्याचे नातेवाईक भोवती उकिडवे बसायचे.

"ही मोसंबी म्हंजे मेंदू. बघा कसा मजेत तरंगून राह्यला! आता आपण सुई दिली." बूच निघायचं, पाण्याची धार लागायची. "सुईच्या भोकातून पाणी झिरपलं. आतला दाब उतरला. मेंदू बसला खाली. आता माणूस उठून बसला, की डोकं ठणकणार. आडवा झाला, की थांबणार. भोक बुजून पाणी भरलं, की मेंदू परत वर! तोवर काय करायचं?"

सगळे एका सुरात म्हणायचे, "बिलकुल आडवं!"

मग ती मोसंबी सोलून सगळ्यांना वाटली जायची. काही मंडळी रोग्याचा मेंदू खायला नको म्हणून हात मागे घ्यायची.

त्यांच्या दवाखान्यात खाटांच्या पायथ्याला विटा लावलेल्या असत, डोकं खाली, पाय वर. डॉक्टर फेरीला निघाले, की रोग्याला तांब्याभर मिठाचं ताक पाजत, क्षणभर उठवून त्याच्या कपाळाकडे बघत, लगेच निजवत. मग डोळ्यांसमोर बोट धरत. "बोटं किती?" डोक्यातला दाब फार उतरला, तर माणसाला एकाची दोन दिसतात म्हणे. बदनापूरचा एक म्हातारा तर वैतागून बोलला होता, "डागदर, रोज इचारता. तुम्हाला एक बोट मोजता येईना व्हय?"

त्या वर्षी ज्वारीच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, तोंडावर चंद्रभागा नावाची एक तरणी बाई आली. पोटात गाठ होती. बरोबर सासू, रखमाबाई. उंचनिंच, आवाज खणखणीत, दहा एकरांचा कारभार एकटीच्या जिवावर ओढलेली. ऑपरेशन बराबर झालं. पण दुसऱ्या दिवशी चंद्रभागा उठून बसली आणि डोकं धरून रडायला लागली. आडवी केली, गप्प झाली. परत बसवली, परत रडली.

रखमाबाईंनी हे नीट बघून घेतलं आणि ओट्यावर येऊन निकाल दिला.

"हे दुखणं न्हाई, नाटक हाय. निजली की बरी, उठली की आजारी! अशी बिमारी मला बी पायजे. शेतात सोंगणी आली ना, मंग डोस्कं दुखायलाच पायजे."

डॉक्टरांनी डबा काढला, मोसंबी सोडली, बूच काढलं. रखमाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मोसंबीचं दुखत असंल," त्या म्हणाल्या. "तिला ऱ्हाऊ द्या निजून. मी परवा गाडी आणते, सून घरी नेते."

डॉक्टरांनी बूच परत लावलं आणि डबा आत नेला. त्या कच्च्या रस्त्यानं, बैलगाडीत, बसवून नेली असती तर त्या पोरीचे काय हाल झाले असते, हे तेच जाणत होते. आणि गावी पोचल्यावर तिच्या पुढं काय वाढून ठेवलं होतं, ते मीही जाणत होतो.

डॉक्टरांना स्वतःला बरीच वर्षं हर्नियाचा त्रास होता. पट्टा बांधून दिवस काढायचे. दुसऱ्याच दिवशी तो फुगवटा एकदम वाढला, आणि त्यांचे जोडीदार डॉक्टर सलीम यांनी हट्टच धरला. ऑपरेशन करायचं ठरलं. सुई कमरेत जात असताना आमचे डॉक्टर पाठ वाकवून सूचना देत होते. "सलीममियाँ, जरा खालच्या मणक्यात." सलीम डॉक्टर घामाघूम. सुई पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. डॉक्टर विनाउशीचे उताणे पडले होते, चेहरा मात्र नव्या नवरदेवासारखा खुललेला.

"मास्तर, लागलं! मला बी लागलं!"

"काय लागलं?"

"डोकं हो! हे बघा." त्यांनी मान उचलली. "आई गं!" मान टेकली. "गेलं. बघितलं? परत बघा." पुन्हा मान वर, पुन्हा "आई गं!" "मानेपासून कपाळापर्यंत, बराबर जसं सांगतात तसं. इतकी वर्षं लोकांना इचारत आलो, आज कळलं!"

मी त्यांना हात जोडले, की आता तरी स्वस्थ पडा. तेवढ्यात बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. रखमाबाई गाडी घेऊन आल्या होत्या.

डॉक्टरांचा चेहरा पालटला. "बोलवा त्यांना इथं," ते म्हणाले.

रखमाबाई दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी मला पाठीला हात द्यायला सांगितला आणि ते उठून बसले. मी नको नको म्हणत होतो. आधी त्यांचे ओठ पांढरे पडले. मग कपाळावर घाम फुटला. दोन्ही हातांनी त्यांनी खाटेची कड गच्च धरली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी ते रखमाबाईंकडेच बघत होते.

"माझी बी सोंगणी हाय का, रखमाबाई? मी बी नाटक करून राह्यलो का?"

पुढचं बोलता आलं नाही. त्यांना उमासे यायला लागले, आणि ताज्या टाक्यांवर हात दाबून ते वाकले. रखमाबाई एका ढांगेत खाटेजवळ आल्या. त्यांनी डॉक्टरांना खांद्याला धरून निजवलं, पदरानं तोंड पुसलं.

"निजा. उगा निजा लेकरा. कळलं मला." आणि माझ्याकडे वळून, "गाडी माघारी लावा म्हणावं आमच्या गड्याला."

चंद्रभागा बरी होईपर्यंत राहिली. सोंगणी जावा-नणंदांनी उरकली. जाताना ती चालत गाडीपर्यंत गेली आणि रखमाबाईंनी गाडीत तिच्यासाठी कडब्यावर गोधडी अंथरली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण माझ्या मनात राहिलंय ते त्या सकाळचंच.

डॉक्टर डोळे मिटून पडले होते. ठणका ओसरत होता. रखमाबाई उशाशी बसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या, आणि ज्यांनी एरवी कुणाला स्वतःची नाडीही धरू दिली नाही, ते डॉक्टर मुकाट फिरवू देत होते. रखमाबाईंनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर एक धोतर, खानावळीचा डबा.

"बायकामाणसं कुठं गेली तुमची? एवढं आपरेशन झालं अन् घरचं कोणीच न्हाई?"

डॉक्टरांची बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. हे सगळ्या मस्तगडला ठाऊक होतं, पण त्यांच्यासमोर हा विषय कोणी काढत नसे. आता हे काय उत्तर देणार, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"हाय की," डॉक्टर डोळे न उघडताच म्हणाले. "हा काय उभा हाय. भाऊ हाय माझा."

रखमाबाईंनी मला खालीवर न्याहाळलं. "मोठा का धाकटा?"

मी डॉक्टरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा होतो. आमची जात वेगळी, गाव वेगळं, आडनाव वेगळं.

"धाकटा," मी म्हणालो, आणि त्या दिवशी शाळेत गेलो नाही.