देवरेंचे लाल टॅग

गेल्या सप्टेंबरमध्ये एका सोमवारी सकाळी पावणेअकरा वाजता प्रभाकर देवरे यांनी नाशिकच्या सिडकोतल्या झेरॉक्सच्या दुकानात सहा पानांचा एक शोधनिबंध नाकारला. मजकुराची रुंदी एकशे अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर हवी होती. ती अर्धा मिलिमीटर कमी भरली. मोजमाप व्हर्नियर कॅलिपरने केलेलं होतं. देवरेंनी पानांच्या कोपऱ्याला भोक पाडलं, दोऱ्याने लाल टॅग बांधला, टॅगवर कारण, वेळ आणि सही टाकली, आणि दुकानदार मनोजला म्हणाले, "परत काढ."

"काका, अर्ध्या मिलिमीटरमध्ये मुंगीसुद्धा मावणार नाही."

"मुंगी मोजलीस का?"

मनोजने परत काढली. पान मशीनमधून बाहेर येताच देवरेंनी ते ट्रेमध्ये टेकू न देता उचललं, काचेच्या काउंटरवर ठेवलं आणि व्हर्नियर लावला. पुन्हा अर्धा मिलिमीटर कमी. पुन्हा लाल टॅग.

शोधनिबंध देवरेंचाच होता. एका विज्ञान परिषदेसाठी तो स्वीकारला गेला होता आणि अंतिम प्रत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत द्यायची होती. परिषदेला छापील प्रत नकोच होती. फाइल संकेतस्थळावर चढवायची होती. मनोजने हे तीनदा सांगून पाहिलं.

"स्क्रीनला व्हर्नियर लागत नाही," देवरे म्हणाले.

देवरे तिसऱ्या मजल्यावर राहतात, मी चौथ्या. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर नोकरी केली, त्यांनी अंबडच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात. दोघेही निवृत्त. आमची ओळख टॅगमुळे झाली. मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दाराच्या कडीला लाल टॅग लटकत होता. 'नावाची पाटी डावीकडे तीन मिलिमीटर उतरली आहे. दुरुस्त करून कळवावे.' मी पाटी काढून पुन्हा ठोकली. संध्याकाळी लाल टॅगच्या जागी हिरवा आला होता. 'स्वीकृत.'

ही कारखान्यातली पद्धत. पास झालेल्या मालाला हिरवा टॅग, नाकारलेल्या मालाला लाल. टॅग बांधायचा अधिकार फक्त इन्स्पेक्टरला. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरने टॅगला नुसता हात लावला तरी त्याला जाब विचारला जाई. निवृत्तीनंतर देवरेंनी दोन्ही रंगांचे टॅग स्वतः छापून घेतले. सोसायटीच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर लाल टॅग आहे. ती इतर पायऱ्यांपेक्षा नऊ मिलिमीटर उंच आहे. त्या पायरीवर मी दोन वर्षं अडखळत होतो आणि दोष माझ्या चपलांना देत होतो.

"माझ्यावर कुठला टॅग आहे ते छत्तीस वर्षांत कळलं नाही," निर्मलावहिनी एकदा चहा देताना म्हणाल्या.

"तपासणी चालू आहे," देवरे म्हणाले आणि बशी कपाखाली बरोबर मध्यावर सरकवली.

त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असतो. "वाटतं हे कोणतं युनिट?" त्यांच्यासमोर कोणी 'मला वाटतं' म्हणालं की हा प्रश्न येतोच. सोसायटीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, मला वाटतं गच्चीवरची टाकी गळते. देवरेंनी युनिट विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीत पट्टी उभी केली, दर तासाला पातळी लिहिली, मग एकेका मजल्याचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. टाकी ठीक होती. गळत होता चौथ्या मजल्यावरचा फ्लश. माझा. अहवालाची एक प्रत मला मिळाली. त्यात एकही विशेषण नव्हतं. इतका स्वच्छ मजकूर डेस्कवर माझ्या हाती क्वचितच आला असेल.

शोधनिबंधाची भाषा तपासायला त्यांनी मला बोलावलं ते जूनमध्ये. टेबलावर परिषदेच्या सूचनांची बारा पानं होती आणि प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण. अक्षराचा आकार, दोन रकान्यांमधलं अंतर, आकृतीखालच्या ओळीची जागा, संदर्भ लिहायची रीत. सूचनांमध्ये पहिल्या पानावर समास सोळा मिलिमीटर सांगितला होता आणि नवव्या पानावर सतरा. देवरेंनी आयोजकांना पत्र लिहिलं. चार दिवसांनी सर्व लेखकांना दुरुस्त सूचना गेल्या. देशभरातल्या प्राध्यापकांनी आपापले समास बदलले, आणि तो बदल सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरून निघाला होता हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

विषय मला समजला तो असा. साप्ताहिक सुट्टीनंतर लेथ मशीन थंड असतं. काम सुरू झालं की ते हळूहळू तापतं, तापलं की त्याचं डोकं किंचित फुगतं, आणि पहिल्या तासात निघालेल्या भागांचं माप चुकतं. फरक केसाच्या जाडीहून कमी असतो, पण भाग नाकारायला तेवढा पुरतो. हे जगाला माहीत आहे. देवरेंच्या निबंधातली नवी गोष्ट चौथ्या पानावरच्या तक्त्यात होती. तक्त्याच्या एका रकान्यात मशीनवर यंत्राने मोजलेला फरक. शेजारच्या रकान्यात रफीक शेख नावाच्या ऑपरेटरने मशीनवर तळहात ठेवून, मोजण्याआधी सांगितलेला फरक. देवरेंनी निवृत्तीआधीची तीन वर्षं या नोंदी ठेवल्या होत्या. मी दोन्ही रकाने ओळीओळीने ताडून पाहिले. मग पुन्हा पाहिले. दोन्हींत फरक शोधायला देवरेंना वेगळी आकृती काढावी लागली होती.

"हात इतकं सांगतो?" मी विचारलं.

"त्यांचा सांगतो. माझा नाही. माझ्या हाताचाही रकाना होता. लाजेने काढून टाकला," देवरे म्हणाले. मग दुरुस्ती केली. "लाजेने नाही. जागा नव्हती."

निबंधावर दोन नावं होती. पहिलं रफीक शेख, दुसरं प्रभाकर देवरे. अडचण पहिल्या नावाची होती. संकेतस्थळावर प्रत्येक लेखकाच्या नावापुढे संस्था, विभाग आणि ईमेल भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. रफीकभाई निवृत्त होऊन नाशिकमध्येच द्वारका चौकाजवळ मुलाच्या घरी राहत होते. त्यांना संस्था नव्हती, विभाग नव्हता, ईमेलही नव्हता.

देवरेंची मुलगी पल्लवी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. ती सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी आली होती.

"पप्पा, शेवटी आभार असतात ना, तिथे टाका त्यांना. सगळे तसंच करतात."

"सगळे म्हणजे किती?"

"पप्पा, तुमची तारीख निघून जाईल!"

"आभार चहा देणाऱ्याचे मानतात. माप त्यांनी काढलंय."

"मग माझ्या कॉलेजचं नाव लावा त्यांच्यापुढे. मी विचारते सरांना."

"ते तुझ्या कॉलेजात कधी आले होते?"

पल्लवीने आईकडे पाहिलं. निर्मलावहिनी पोळी लाटत म्हणाल्या, "मी नाही पडत यात. मला अजून टॅग मिळायचाय."

देवरेंनी आयोजकांना दुसरं पत्र लिहिलं. उत्तर आलं: जे खरं असेल ते लिहा. देवरेंनी लिहिलं, 'मशीन ऑपरेटर (निवृत्त), नाशिक.' रफीकभाईंच्या नावाने ईमेल उघडला. पुढचं पान उघडलं.

त्याआधी ऑगस्टमध्ये परीक्षकांचे शेरे आले होते. पहिल्या परीक्षकाला निबंध आवडला होता. दुसऱ्याने लिहिलं होतं, तळहात हे मोजमापाचं साधन नव्हे, तो रकाना वगळावा. रकाना गेला असता तर रफीकभाईंचं नाव राहायला कारण उरलं नसतं. देवरे तो कागद धरून बराच वेळ गॅलरीत बसले होते. मी समोर होतो.

"हा माणूस बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही हेच म्हणालो होतो."

मग त्यांनी व्हर्नियरची लाकडी पेटी उघडली. मखमलीखाली एक जुना लाल टॅग होता. कडा मऊ झालेल्या. मशीन क्रमांक नऊ, माप कमी, ऑपरेटर आर. शेख. खाली देवरेंची सही. त्यांनी जे सांगितलं ते एवढंच. सुट्टीनंतरची पहिली शिफ्ट होती. रफीकने सांगितलं, मशीन थंडी हाय साहेब, थोडी रिकामी फिरू द्या. कशावरून, असं विचारल्यावर तो म्हणाला, हात लावल्यावर वाटतं. देवरेंनी शॉपमधल्या सगळ्या कामगारांसमोर विचारलं, वाटतं हे कोणतं युनिट? शॉप हसलं. मशीन चालू झालं, माल नाकारला गेला, देवरेंनी टॅग बांधला. रफीकला मेमो मिळाला आणि वर्षभर मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं गेलं. पुढे देवरेंनी मशीनच्या डोक्यावर यंत्र लावून मोजलं तेव्हा हात बरोबर निघाला. त्यांनी तसं लेखी दिलं. रफीक मशीनवर परत आला. मेमो फाइलमध्ये राहिला.

"त्यांना काही बोललात?"

"रोज हात ठेवायला सांगितलं. तीन वर्षं. रोज लिहून घेतलं."

परीक्षकाला देवरेंनी उत्तर पाठवलं ते दीड पानांचं होतं. त्यात विनंती नव्हती. प्रत्येक नोंदीची तारीख, वेळ आणि दोन्ही आकडे होते. दुसऱ्या परीक्षकाने कळवलं, रकाना ठेवावा.

आता राहिलं होतं एक. अंतिम प्रतीसोबत प्रकाशनाचं हक्कपत्र द्यायचं होतं आणि त्यावर दोन्ही लेखकांच्या सह्या हव्या होत्या. सही नसलेलं नाव आयोजक काढून टाकणार होते. रफीकभाई फोनवर "येतो साहेब" म्हणत आणि येत नसत. सोमवारी आले नाहीत, मंगळवारी नाहीत, बुधवारीही नाहीत. देवरे त्यांच्या घरी जायला तयार नव्हते.

"मी गेलो तर ते नाही म्हणू शकणार नाहीत," ते म्हणाले. "मग त्या सहीला अर्थ नाही."

ते तीन दिवस देवरे मनोजच्या दुकानात प्रती काढत होते. बुधवारी संध्याकाळपर्यंत लाल टॅग लागलेल्या अकरा प्रती झाल्या. मनोजने मशीनची शाई बदलली, कागदाचा नवा गठ्ठा फोडला, मोजपट्टी आणून शंभर टक्क्यांची सेटिंग दाखवली. मजकूर प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर कमीच.

"काका, तुमचा व्हर्नियर तपासून आणा," शेवटी तो म्हणाला.

मनोजला तेव्हा कल्पना नव्हती की तो काय बोलला. देवरेंनी गुरुवारी सकाळी साडेनऊला अंबडला जाऊन व्हर्नियर तपासून आणला. बिनचूक असल्याच्या प्रमाणपत्रासह.

त्याच दिवशी सव्वाअकरा वाजता रफीकभाई रिक्षातून उतरले. पांढरा सदरा, खिशाला पेन, डाव्या हातात नातवाच्या शाळेची कापडी पिशवी. मी दुकानात होतो.

"या रफीकभाई," देवरे म्हणाले. कारखान्यात ते नुसतं रफीक म्हणत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"साहेब, माझं नाव खाली घ्या ना. पोरं हसतील. म्हणतील, अब्बा कुठले सायंटिस्ट!"

"हसू दे. चौथ्या पानावर बोट ठेवून त्यांना दोन्ही रकाने वाचायला सांगा."

"आणि तुमचं नाव दुसरं? लोक तुम्हाला काय म्हणतील?"

"मोजणारा म्हणतील. तेच तर केलं मी."

रफीकभाईंनी हक्कपत्र वाचायला घेतलं. प्रत्येक ओळ वाचली. दरम्यान मनोजने बारावी प्रत काढली. देवरेंनी पहिलं पान नेहमीप्रमाणे मशीनच्या तोंडातूनच उचललं, काउंटरवर ठेवलं, व्हर्नियर लावला आणि खिशातून लाल टॅग काढला.

रफीकभाईंनी पेन खाली ठेवलं. हात लांब करून तळहात पानावर टेकवला. मनोजचा हात मशीनच्या बटणावर तसाच राहिला.

"आत्ता नका मोजू साहेब," रफीकभाई म्हणाले. "गरम हाय. भट्टीतून निघाल्यागत सुकलंय. थोडं हवेला पडू द्या, पसरेल वाटतं."

देवरेंनी युनिट विचारलं नाही. त्यांनी व्हर्नियर पेटीत ठेवला आणि पेटीचं झाकण लावलं.

सहा पानं काउंटरवर सुटी मांडली. मनोजने चार चहा सांगितले. रफीकभाईंनी हक्कपत्र वाचून संपवलं आणि सही केली. सही मराठीत होती. चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा पानावर तळहात ठेवला आणि मान हलवली. देवरेंनी पेटी उघडली. पहिल्या पानावर मजकुराची रुंदी एकशे अठ्ठ्याहत्तर भरली. उरलेली पाच पानं त्यांनी एकेक करून मोजली. पाचही तेवढीच.

"म्हणजे त्या अकरा प्रती चांगल्या होत्या?" मनोज म्हणाला.

"होत्या," देवरे म्हणाले.

पेटी बंद करण्याआधी त्यांनी मखमलीखालचा जुना टॅग काढला आणि रफीकभाईंसमोर ठेवला. रफीकभाईंनी तो उलटून पाहिला, स्वतःचं नाव वाचलं आणि दुमडून सदऱ्याच्या खिशात पेनामागे घातला. मग देवरेंनी हिरवा टॅग आणि दोरा त्यांच्या हातात दिला. रफीकभाईंनी एकदा देवरेंकडे पाहिलं आणि बाराव्या प्रतीला गाठ मारली.

फाइल बारा वाजून दहा मिनिटांनी चढली. आधीच्या अकरा प्रतींवरचे लाल टॅग देवरेंनी त्याच दुपारी सोडवून काढले. हे मी पाहिलं नाही, निर्मलावहिनींनी सांगितलं.