शेषरावांची जागल

आमच्या शेजारचे शेषराव परवापर्यंत भर दुपारी बाजारात बॅटरी लावून वांगी निवडायचे. ऊन डोक्यावर, लोक टोप्या पुढे ओढताहेत, आणि हे एकेका वांग्याच्या देठावर उजेड पाडताहेत. भाजीवाली म्हणायची, "बाबा, सूर्य दिसत नाई का?" तर हे म्हणायचे, "अळीच्या घरात सूर्य जातो का, बाई?"

खरं कारण वेगळं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आणि ते कबूल करायचं नव्हतं. एकदा त्यांनी माझ्या वाळत घातलेल्या लुगड्याला "रामराम वहिनी" केलं. लुगडं बोललं नाही म्हणून दिवसभर माझ्यावर रुसून बसले.

जळगाव जामोदला आमची दोन घरं एका भिंतीची. मी विधवा, ते विधुर. पण दोघंही तोंडाने फटकळ, म्हणून लोकांनी कधी वेडंवाकडं म्हटलं नाही. शेषरावांनी उभा जन्म सातपुड्याच्या पायथ्याला दुसऱ्यांच्या शेतात जागल केली. जागल म्हणजे रात्रभर मचाणावर बसून रानडुकरं, रोही अशी पिकात शिरणारी जनावरं हाकलायची. त्यामुळे ते दिवसा कुठेही झोपतात. पंगतीत झोपतात, न्हाव्याच्या खुर्चीत झोपतात. एकदा मयताला गेले आणि तिथेच आडवे झाले. क्षणभर लोकांना कळेना, न्यायचं कोणाला.

घराला कुलूप लावत नाहीत. "कुलूप भुकते का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भुंकायला दोन कुत्रे आहेत. एक काळू. दुसऱ्याचं नाव पाव्हणा, कारण तो एक दिवस आला आणि गेलाच नाही. हे दोघं रात्रीतून चार-पाच वेळा भुंकत. मग भिंतीपलीकडून शेषरावांची लांबलचक जांभई ऐकू येई आणि ते गप्प होत. मला वाटे, म्हाताऱ्याच्या जांभईलासुद्धा कुत्रे भितात.

खामगावला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांनी तीनदा नाव दिलं आणि तीनदा कापलं. दर वेळी एकच, "कुत्र्याईचं कसं?" शेवटी डॉक्टरीणबाईने सांगितलं, आता नाही केलं तर उरलंसुरलंही जाईल. तेव्हा माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"वहिनी, चार रात्री. दोघाईले घरात घ्या लागते."

"मले कुत्रे आवडत नाईत."

"मले माहीत हाय. तुमाले मानसं बी आवडत नाईत. म्हून तं तुमच्याकडं आलो. भेदभाव होनार नाई."

ठेवून घेतले.

पहिला दिवस नुसता पायात गेला. मी बसले की दोघं पायावर बसत, चालले की पायात येत. संडासाचं दार लावलं की बाहेर बसून रडत. रात्री काळू खाटेच्या बाजूला, पाव्हणा खाटेखाली. माझा डोळा लागला, तर दोघं एकदम सुरू. चोर नाही, मांजर नाही. तोंडं माझ्याकडे. भाकर टाकली, हुंगलीसुद्धा नाही. "गप बे" म्हटलं, झाडायचा फडा उगारला. काळूने माझं तोंड हुंगलं आणि पुन्हा सुरू. थकून थांबले, तासाभराने परत तेच.

सकाळी समोरची विमल अंगणात उभी. "काकू, राती तुमच्या घरी वरात होती का? आज बी असंच झालं तं आमचे हे त्या कुत्र्याईले जीपमधी टाकून पार नांदुऱ्याले सोडून येनार हायेत."

"तिकडंच राहा म्हना त्याले. घोरते किती!"

म्हटलं खरं, पण तो माणूस बोलतो ते करतो.

तिकडे शेषरावांचा रक्तदाब वाढला आणि ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. इकडे दुसऱ्या रात्री कुत्रे पुन्हा सुरू. समोरच्या घरात दिवा लागला. मी शेषरावांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"काऊन भुकून राह्यले हो हे?"

त्यांनी थोडं ऐकलं. "मी येतो," म्हणाले. "पह्यली यष्टी पाचची हाय."

"आन् डोळे?"

"जाऊ द्या डोळे."

"खाली बसा तिथंच! आंधळे होऊन आले तं मी कोनाकोनाले सांभाळू? त्याईले काय पाह्यजे ते सांगा."

मग लाजल्यासारखे म्हणाले, "हो द्या त्याईले."

"म्हन्जे?"

"जागलीवर देतात तसा. लांब."

ती रीत मला माहीत होती. एका मचाणावरचा "होऽऽ" म्हणतो, शेजारच्या शेतातून "होऽऽ" यायला पाहिजे. आला म्हणजे माणूस जागा आहे, ठीक आहे. नाही आला तर खाली उतरून बघायला जायचं.

मी खाटेवर बसून "होऽऽ" म्हटलं. दोघं तिथल्या तिथे गप्प. काळूने डोकं टेकवलं. समोरचा दिवा विझला. इतकी वर्षं मी जांभई म्हणत होते, ती जांभई नव्हती.

"मीच शिकवलं त्याईले," शेषराव म्हणाले. "एकट्या मानसाले रातचं इचारनारं कोनी पाह्यजे."

"मी हाय ना भिंतीले लागून."

"तुमी सकाळी पाहसान, वहिनी."

मग त्यांनी जे सांगितलं ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यांची बायको कमल शेतात साप चावून गेली, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्या हंगामात दोघंही जागलीला होते. हे एका शेतात, ती लागूनच्या शेतात. मध्यरात्रीनंतर यांनी हो दिला. तिकडून आला नाही.

"मी म्हनलं, दिवसभर निंदनीले गेली होती, थकली असन. झोपू द्या. तिच्या वावरातले डुकरं बी मीच हाकलले रातभर."

अशा वेळी हळहळणारी माणसं मला आवडत नाहीत. मी म्हटलं, "सकाळी ऑपरेशन करून घ्या. हो द्याले मी हाय."

"तुमाले झोप लागली तं?"

"नाई लागत. ठेवा फोन."

सकाळी त्यांचं ऑपरेशन झालं, नीट झालं. पण त्याआधी रात्र जायची होती. फोन ठेवल्यावर कुत्रे तीनदा भुंकले, तीनदा मी हो दिला. पुढे माझाही डोळा लागला असावा. पहाटेकडे जाग आली तर सगळं शांत. बराच वेळ वाट पाहिली, भुंकणं नाही. खाली पाहिलं. काळू पाय ताणून आडवा पडलेला. दोन रात्रींचं जागरण होतं बिचाऱ्याला. झोपू द्यावं, असं कोणालाही वाटलं असतं.

मी जोरात "होऽऽ" म्हटलं.

काळूने एक डोळा उघडला. खाटेखाली पाव्हण्याची शेपटी दोनदा जमिनीवर आपटली. मग मी कूस बदलली.