मंडळाने जपलेला वाल

जी वस्तू जपायची असते ती वापरायची नसते, हे तत्त्व आपल्याकडे घराघरांत पाळले जाते. पाहुण्यांसाठी आणलेल्या कपबशा पाहुणे आले तरी बाहेर निघत नाहीत. सोफ्यावरचे प्लास्टिक मुलगी सासरी गेली तरी तसेच असते. लग्नातला शालू एकदाच नेसला जातो आणि पुढे जन्मभर त्याच्या घड्या बदलल्या जातात. या थोर परंपरेत आता वालाच्या दाण्याचीही भर पडली असून त्याचे श्रेय नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीला आहे. प्रस्तुत लेखक या कार्यात पहिल्यापासून सहभागी आहे (खुर्च्या मांडणे, अहवाल लिहिणे).

सुरुवात अगदीच साधी होती. अंबडला नोकरी करणाऱ्या दीपकची आई मालनबाई घोटीजवळच्या गावाहून मुलाकडे राहायला आल्या, त्या पदराच्या गाठीत वालाचे दाणे घेऊनच. दाणा टपोरा, पांढरा आणि कडेला विटकरी पट्टा. हा वाल त्यांच्या आजीच्या काळापासून माहेरच्या बांधावर होता. मग बांधाच्या जागी तारेचे कुंपण आले, भाऊ सोयाबीन पेरू लागला आणि तो वाल फक्त मालनबाईंच्या गाठीत उरला. त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत तो गच्चीवर लावला, वेल पाण्याच्या टाकीवर चढवला आणि डाळिंब्यांची उसळ करून साऱ्या इमारतीला खाऊ घातली. ज्याने मागितले त्याला बीही दिले. अट एकच होती.

"ह्यो खायाचा नाय, पेरायचा. आन पुढल्या साली मूठभर माघारी आणायचा. माझा गेला तर तुमच्याकडं असंल, तुमचा गेला तर माझ्याकडं."

ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालत आली होती हे खरे, पण तिच्यात अध्यक्ष नव्हता. ही गंभीर उणीव दुसऱ्या मजल्यावरच्या ज्योत्स्नाताईंनी भरून काढली. 'दुर्मिळ देशी शेंगवर्गीय बियाणे जतन व प्रसार मंडळ' स्थापन झाले. लगोलग बॅनर झाला, व्हॉट्सअ‍ॅप गट झाला (सदस्य भरपूर, वाल आणि पावटा यांतला फरक सांगू शकणारे तिघे, त्या तिघांत एकमत नाही). मालनबाईंकडून उरलेले आणि शेजाऱ्यांनी नेलेले सगळे बी 'केंद्रीय साठा' म्हणून मंडळाने ताब्यात घेतले. "तुमच्याकडे सांडलं-लवंडलं तर? इथे ते सुरक्षित राहील," असे ज्योत्स्नाताईंनी सांगितले. मालनबाईंनी शेवटची मूठ थोडी जड हातानेच सोडली, पण सोडली. गच्चीवर वेल आहेच, येतीलच शेंगा, असा त्यांचा हिशेब होता (शेंगा आल्या, त्यांचे बीही साठ्यात गेले).

केंद्रीय साठा काचेच्या बरणीत भरून ज्योत्स्नाताईंच्या शोकेसमध्ये, सिंगापूरहून आणलेल्या सिंहाच्या शेजारी ठेवण्यात आला. त्याला कीड लागू नये म्हणून आवश्यक ती शास्त्रीय प्रक्रियाही करण्यात आली. ती कोणती, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही.

आता प्रसार. त्यासाठी मंडळाने संक्रांतीचे हळदीकुंकू निवडले. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या लुटण्यापेक्षा बरणीत न मावलेले, म्हणून प्रक्रियेविना राहिलेले दाणे जाळीच्या गुलाबी पोटलीत लुटावेत, ही कल्पना इतकी नामी होती की तिचा फोटो बिया बांधण्याआधीच काढला गेला. संक्रांतीला मिळालेले बी पावसाळ्यात पेरायचे, म्हणजे मधले महिने ते जपून ठेवणे आले. बायकांनी ते इतके जपले की पावसाळा आला तेव्हा कुठे ठेवले ते आठवेना. पुढच्या संक्रांतीला कपाट आवरताना पोटल्या सापडल्या. आणि मिळालेले वाण न उघडता दुसरीकडे लुटायचे, ही काटकसर तर सर्वमान्यच आहे (या शहरात चहाच्या कित्येक गाळण्या अशाच वर्षानुवर्षे फिरत आहेत). पोटल्या शेजारच्या उपनगर वसाहतीत गेल्या, तिथून सिडकोत, सिडकोतून अंबडला. त्याच वर्षी चौथ्या मजल्यावरच्या निकिताने काही दाणे पारदर्शक रेझिनमध्ये गोठवून त्यांचे कानातले केले. वार्षिक अहवालात आम्ही अभिमानाने नोंदवले: प्रसार शंभर टक्के. उगवणीचा रकाना अहवालात नव्हता.

अशा भरभराटीच्या काळात गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले. ठेकेदाराच्या माणसांनी टाकीवरचा वेल कोवळ्या शेंगांसकट ओढून काढला आणि डब्यांसह भंगारात दिला. मालनबाई भाजी घेऊन वर आल्या तेव्हा टाकी स्वच्छ होती. सून हर्षालीने चहा दिला, तो तसाच निवला. आईकडून आलेली त्यांच्याजवळची ती एकच वस्तू होती. आम्हा सर्वांना मनापासून वाईट वाटले आणि आम्ही तातडीची सभा बोलावली.

सभेत मालनबाईंनी पाच दाणे मागितले. मंडळाच्या इतिहासात बी पेरण्यासाठी मागितले जाण्याची ही पहिलीच वेळ असल्याने थोडी चर्चा झाली. शेवटी बरणी उघडली गेली. दाणे असे चकचकीत की टाळ्या पडल्या. एकालाही भोक नव्हते. मालनबाईंनी दाणा हातात घेतला, हुंगला, मग दाताखाली धरला. तो कुरकुरला.

"ताई, ह्यो भाजलाय."

"भाजणारच की," ज्योत्स्नाताई कौतुकाची वाट पाहत म्हणाल्या. "रवा नाही का आपण भाजून ठेवत? मंद आचेवर, अगदी हलका. बघा, आहे का एक तरी किडा?"

किडा खरोखरच नव्हता. दाणा मात्र मालनबाईंनी थुंकला नाही, चावून गिळला. एवढ्या वर्षांची ओळख, थुंकून टाकणे त्यांना जमले नसावे.

मग पोटल्यांचा शोध सुरू झाला. गटावर आवाहन केले, त्याला भराभर हात जोडलेली चित्रे आली. प्रत्येकीने बी जपलेच होते, फक्त ते दुसरीकडे. निकिताने कानातले आणून दिले आणि ते फोडायला हातोडीही दिली, पण रेझिन फार चांगल्या प्रतीचे निघाले.

पुढे आलेल्या संक्रांतीला हर्षाली माहेरी, घोटीला गेली होती. तिथल्या हळदीकुंकवात तिला वाण म्हणून एक गुलाबी पोटली मिळाली. वर चिठ्ठी होती: 'अतिदुर्मिळ. खास नाशिक रोडहून.' हर्षालीने मिळालेले वाण आयुष्यात प्रथमच उघडले, तेही एसटीतच. आतून दोन भुंगे उडाले. दाण्यांचे पीठ झाले होते, पण तळाशी चार दाणे शाबूत होते.

मालनबाईंनी पावसाळ्याची वाट पाहिली नाही. "उगवायचं असंल तर आता उगवंल," म्हणाल्या आणि मीटरच्या खोलीजवळच्या मातीत अंगठ्याने भोके पाडून चारही दाणे पेरले. त्यानंतर रोज सकाळी त्या तिथे उकिडव्या बसत. आम्ही गॅलरीतून पाहत असू. एके दिवशी त्या उठल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या, तेव्हा एक उगवला आहे हे आम्हाला कळले. मंडळाने अभिनंदनाचा ठराव केला आणि रोपाला काचेची पेटी करण्याचा प्रस्ताव मांडला. मालनबाईंनी खुरपे हातात ठेवूनच तो ऐकला. प्रस्ताव मागे घेण्यात आला.

आज तो वेल मंडळाच्या बॅनरवर चढलेला आहे आणि शेंगांनी लगडला आहे. मालनबाई आता कोणाच्या हातात बी देत नाहीत. त्या स्वतः घरी येतात, चहा नको म्हणतात, दिसेल त्या कुंडीत अंगठा खुपसतात आणि दाणा पुरून जातात. ज्योत्स्नाताईंच्या शोभेच्या बोन्सायशेजारीही एक वेल निघाला आहे.

हे वाचून तुम्हाला आमची गंमत वाटली असेल. वाटू द्या. आता जरा उठा आणि स्वयंपाकघरातला तो खण उघडा, ज्यात रबर, मेणबत्त्या आणि सॉसच्या पुड्या आहेत. अगदी मागे, जाळीचे, गुलाबी. नाही, फेकू नका आणि कोणाला देऊही नका. पोटल्या कोणाकोणाकडे गेल्या ते हर्षालीने विचारत विचारत काढले आहे. मालनबाईंना तुमचा पत्ता मिळालेला आहे. एक कुंडी रिकामी ठेवा.