पांचाळकाकांची संघटना

पांचाळकाकांना सर्दी होत नाही, संघटनेला होते. सकाळी जिन्यात भेटले आणि मी विचारलं, काका, आवाज बसलाय का, तर नाक पुसत सांगतात, "संघटनेला जरा गारठा बाधलाय." चहा विचारावा तर संघटनेला अर्धा कप चालतो, साखर कमी. मध्यंतरी संघटनेचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या अख्ख्या बिल्डिंगने आळीपाळीने डबे पोचवले.

ही संघटना लाकूड कातणाऱ्या कातारी लोकांची, ठाण्यापासून कल्याणपर्यंतची. लेथवर लाकूड फिरत ठेवायचं आणि पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हा त्यांचा धंदा. लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय. काका या संघटनेचे सेक्रेटरी, आणि बरीच वर्षं तिचे एकमेव सभासद. घरीही ते एकटेच. मुलगा पुण्याला, काकू जाऊन पुष्कळ दिवस झाले. त्यामुळे 'मी' म्हणण्यापेक्षा 'संघटना' म्हटलं की त्यांना जरा भरल्यासारखं वाटत असावं.

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य, "संघटनेने नोंद घेतली आहे." पाणी आलं नाही, नोंद. लिफ्ट बंद, नोंद. एकदा मी मॉलमधून सिलिकॉनचं लाटणं आणलं. काकांनी ते हातात घेतलं, दोन्ही टोकांकडून डोळा लावून पाहिलं आणि नोंद घेऊन परत दिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या कडीला पिशवीत शिसवी लाटणं लटकत होतं.

आम्ही हसायचो. पण एके काळी या संघटनेला खरंच वजन होतं. सगळ्यांचा भाव एक, कोणी कोणाचं गिऱ्हाईक फोडायचं नाही. मोठं काम आलं की वाटून घ्यायचं. एखाद्याचा हात पटाशीने कापला तर त्याचं अडलेलं काम बाकीच्यांनी पुरं करून द्यायचं. टेंभी नाक्यावरच्या एका शाळेच्या वर्गात सभा भरायची आणि लहान मुलांच्या बाकांवर हे मोठाले कातारी गुडघे दुमडून बसायचे. पुढे जिन्यांना स्टीलचे कठडे आले, बॉक्सचे पलंग आले. बॉक्सच्या पलंगाला पायच नसतात. पाय गेले आणि त्यांच्यामागून सभासदही गेले.

त्याच्या थोडं आधी बाजारात नवीन मशीन आलं होतं. एक नमुना लावला की त्याबरहुकूम आपोआप कातत सुटणारं, पाच-सहा माणसांचं काम खाणारं. काकांनी सभेत ठराव आणला की कोणत्याही सभासदाने हे मशीन लावायचं नाही. जो लावील तो संघटनेबाहेर. सगळ्यांनी हात वर केले. आणि ते मशीन लावलं कोणी, तर बाळकुमच्या भोईरांनी. भोईर आणि काका एकाच उस्तादाकडे काम शिकलेले, एका डब्यात जेवलेले. त्यांना काढायची वेळ आली तेव्हा बाकीचे सभासद बाकाखाली बघत बसले, पहिला हात काकांनी वर केला. भोईर चहा न घेता निघून गेले. त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

या उन्हाळ्यात काका अचानक आमच्याकडे आले. मानपाड्याची कामाची शेड सोडायची होती, हातून आता काम होत नव्हतं. संघटना बंद करणार म्हणाले. मग म्हणाले, "वहिनी, ती बंद होईल तेव्हा मला भोईर आत हवाय."

'मला' म्हणाले. मी पाण्याचा पेला पुढे केला.

अडचण नियमाची होती. सभासद परत घ्यायला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो, दोघेही सभासद. काका एकटे. तेव्हा मी सभासद व्हावं. आणि सभासद व्हायचं तर संघटनेसमोर लाटणं कातून दाखवावं लागतं. शाळेत इतिहास शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला त्यांनी शेडमध्ये उभं केलं, चष्मा लावायला दिला आणि लेथ सुरू केली. पटाशी टेकवली तशी ती हातातून उडाली. तीन लाकडांचं सरपण झाल्यावर चौथ्यातून काहीतरी निघालं, एका टोकाला मुगदल आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल. चांगल्या चांगल्या कारागिरांना परत पाठवणारे काका ते उलटसुलट करून बघत राहिले.

"याने पोळी लाटली जाईल?" मी विचारलं.

"पोळी नाही लाटली जाणार," ते म्हणाले, "पण ठराव पास होईल."

रविवारी आम्ही बाळकुमला गेलो. भोईरांच्या शेताच्या जागी आता टॉवर आहे आणि त्यात वरच्या मजल्यावर भोईर. सुनेने दार उघडलं, मोठ्याने बोला म्हणाली, मशीनच्या आवाजाने बाबांचे कान गेलेत. भोईर खिडकीशी बसले होते. काकांकडे पाहिलं आणि समोरची खुर्ची दाखवली. काका बसले नाहीत. उभ्यानेच, शाळेच्या वर्गात ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी ठराव मांडला की श्री. भोईर यांना संघटनेत सन्मानाने परत घ्यावं. मी अनुमोदन दिलं.



"मशीन अजून हाय," भोईर म्हणाले. "पोरगा चालवतं. त्येवरच घर चाललंय. मशीन हाय तवर मना कसा घेशील? नियम तुझाच हाय, नि बरोबर हाय. ती मशीन आली नि आपली मानसं गेली."

काका खाली बसले. सुनेने आणलेला चहा हातात घेतला, कपात बघत राहिले.

"बरोबर होतो रे मी," ते म्हणाले. "पण त्या दिवशी मी चुकायला हवं होतं."

इतक्या हळू, की मला शेजारी बसून जेमतेम ऐकू आलं. भोईरांनी कानामागे हात धरला.

"काय म्हनलास?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण तेच वाक्य मोठ्याने म्हणायला त्यांना जमेना.

"चहा चांगला झालाय म्हटलं," ते मोठ्याने म्हणाले.

भोईरांनी मान हलवली, सुनेला हाक मारली आणि पाहुण्याला आणखी एक कप आणायला सांगितला.