परिषदेसाठी राखलेल्या गोचिडी

एका जंगलात, मुलांनो, साळुंक्यांचे एक आरोग्य मंडळ होते. जंगलात मंडळ कसे, असे विचारू नका. जिथे चार जण एकत्र येतात आणि त्यातल्या एकाला बोलायची हौस असते, तिथे मंडळ निघतेच. मी स्वतः अशा तीन मंडळांवर आहे, तेव्हा हे मला पक्के ठाऊक आहे.

या मंडळाचा जन्म मात्र साधा होता. जंगलात गोचिडी फार. गोचीड म्हणजे गुरांच्या कातडीला चिकटून रक्त पिणारा किडा. पोट टम्म होईपर्यंत ती सुटत नाही. अंगावर फार झाल्या की जनावराला ताप भरतो, चारा गोड लागत नाही, आणि एक दिवस ते बसते ते उठत नाही.

रुक्मा नावाच्या साळुंकीने हे पाहिले. ती भिवरा नावाच्या रानम्हशीच्या पाठीवर जाऊन बसली आणि गोचिडी टिपू लागली. रुक्माचे पोट भरले, भिवरेची पाठ मोकळी झाली. दोघींनाही हा व्यवहार पटला.

रुक्माची एक पद्धत होती. आधी विचारपूस, मग चोच. "मावशी, झोप लागली का? पाण्यावर जाऊन आलीस का? कुठं खाजतंय?" एवढे विचारल्याशिवाय ती चोच लावत नसे. गोचीड निघाली की भिवरेला बरे वाटेच, पण कोणी विचारले याचे तिला जास्त बरे वाटे. हळूहळू बाकीच्या साळुंक्याही तसेच करू लागल्या. सकाळी पाहावे तर प्रत्येक पाठीवर एक साळुंकी बसलेली असे.

खरे तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण चांगले चाललेले काम कधी ना कधी कोणाच्या तरी नजरेत भरते.

एका हिवाळ्यात लांबच्या देशातून एक करकोचा आला. त्याने एका पायावर उभे राहून सगळे नीट पाहिले आणि म्हणाला, "हे तर प्रारूप आहे."

प्रारूप म्हणजे काय, हे कोणालाच माहीत नव्हते. तरी त्या दिवसापासून रुक्माची मान जरा ताठ झाली. मंडळाचे नाव 'पाठराखण' ठेवले गेले. कोतवाल पक्ष्याला चिटणीस नेमले, कारण त्याला सगळ्यांचे आवाज काढता येत आणि चिटणिसाला तेवढे पुरते. रुक्मा अध्यक्ष झाली. अध्यक्षाने पाठीवर बसायचे नसते, फांदीवर बसून पाठींचा आढावा घ्यायचा असतो. भिवरेच्या पाठीवर मात्र ती अजूनही रोज सकाळी जाई. एक तर सवय होती, आणि दुसरे म्हणजे फांदीवर न्याहारी मिळत नसे.

पुढच्या हिवाळ्यात करकोचा निमंत्रण घेऊनच आला. सात जंगलांपलीकडच्या मोठ्या तळ्याकाठी विश्व-वन आरोग्य परिषद भरणार होती. जगभरचे प्राणी मिळून गोचिडींविषयीचे धोरण ठरवणार होते. परिषदेचे घोषवाक्य होते, 'कोणाचीही पाठ मागे राहू नये.' पाठ मागेच असते हे खरे, पण घोषवाक्याकडे इतके निरखून पाहायचे नसते.

"तुम्हाला तीन मिनिटे मिळतील," करकोचा म्हणाला. "जमल्यास एक लाभार्थी आणा. प्रत्यक्ष गोचीड काढून दाखवा. सभागृह हेलावले पाहिजे."

रुक्माने त्याच दिवशी मंडळाची सभा बोलावली. लाभार्थी म्हणून भिवरेचे नाव एकमताने ठरले. मंडळाची सगळ्यांत जुनी पाठ तीच होती. तेवढ्यात कोतवाल खाकरला.

"अडचण आहे, ताई. भिवरामावशीची पाठ एकदम स्वच्छ. दाखवणार काय?"

आपल्या कामात एवढा मोठा दोष असेल, असे कोणाला वाटले नव्हते.

"तिच्या गोचिडी परिषदेपर्यंत राखू या," कोतवाल म्हणाला. "आत्ता काढणं थांबवलं, तर तोवर चांगल्या टपोऱ्या होतील."

रुक्माने एकदा भिवरेच्या दिशेने पाहिले. पण प्रश्न एका पाठीचा होता आणि धोरण साऱ्या पाठींसाठी होणार होते. मोठ्या कामात असे होतेच, असे तिने स्वतःला सांगितले. मोठ्या कामात नेमके काय होते, हे मात्र तिने स्वतःला विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिवरेकडे गेली. पाठीवर न बसता समोरच्या दगडावर बसली.

"मावशी, परिषदेपर्यंत पाठ जरा तशीच राहू द्यायची."

"तशीच म्हंजी?"

"गोचिडी काढायच्या नाहीत. तिथं सगळ्यांसमोर काढू. मग साऱ्या जगातल्या म्हशींचं भलं होईल."

भिवरा रवंथ करायची थांबली. "साऱ्या जगातल्या म्हशी माझ्या काय वळखीच्या न्हाईत. पन तू म्हनतीस तर राहू दे. ही मानंवरची येवढी काढ, लई चावतीय."

"मानेवरची तर लांबूनही दिसते, मावशी. तीच मुख्य आहे."

"मग राहू दे बाई," भिवरा म्हणाली आणि पुन्हा रवंथ करू लागली.

दिवस गेले तशा गोचिडी वाढल्या. रुक्मा रोज येऊन पाहणी करी. तिची चोच शिवशिवे, पण रुक्मा ती घट्ट मिटून घेई. मंडळाच्या सभेत या संयमाबद्दल तिच्या अभिनंदनाचा ठरावही झाला. भिवरा चारा कमी खाऊ लागली. पाण्यावर जाताना वाटेत थांबू लागली. रुक्मा विचारपूस करायचेही टाळू लागली, कारण विचारले तर भिवरा खरे सांगणार आणि खरे कळले की काहीतरी करावे लागणार.

मग दोघी परिषदेला निघाल्या. प्रवास भिवरेच्या पाठीवरून झाला. भिवरा चालत होती आणि रुक्मा वर बसून भाषण पाठ करत होती. भाषणाचे पहिलेच वाक्य होते, 'आमच्या मंडळात लाभार्थी केंद्रस्थानी असतो.' ते म्हणताना गोचिडींवर पाय पडू नये म्हणून ती फार जपून बसली होती.

तळ्याकाठी मोठी गर्दी होती. प्रत्येकाच्या गळ्यात रंगीत वेल बांधलेली होती. ज्याची वेल रुंद, तो मोठा. रुक्माला अगदी बारीक वेल मिळाली, तरी ती दोनदा तळ्याच्या पाण्यात वाकून स्वतःला पाहून आली. भिवरेला वेल मिळाली नाही. लाभार्थ्यांनी उन्हात, कुंपणाबाहेर थांबायचे होते.

उद्घाटनाचे भाषण हत्तीने केले. हत्तीचे भाषण मध्ये थांबवायचे कोणी, म्हणून ते दुपारपर्यंत चालले. मग मसुदा चर्चेला आला. 'गोचीड' हा शब्द फार कठोर आहे, असे काहींचे म्हणणे पडले. पुढच्या ओळीत एक फुगलेली गोचीड 'संबंधित घटक' म्हणून बसली होती. ती रानगव्याच्या कानावर बसून आली होती आणि बोलायलाही तिथूनच उठली.

"आमच्याविषयीचा निर्णय आमच्याशिवाय नको," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गव्यानेही वाजवल्या. शेवटी 'गोचीड' काढून 'दीर्घकाळ वास्तव्य करणारे पाहुणे' असे घालायचे ठरले. संध्याकाळपर्यंत त्या सभागृहात काढली गेलेली गोचीड ती एवढीच.

या बदलाच्या बाजूने रुक्मानेही हात, म्हणजे पंख, वर केला होता. गव्याच्या कानावरची गोचीड तिच्या चोचीपासून वीतभर अंतरावर होती. एरवी तिने ती कधीच गट्ट केली असती. पण गळ्यात वेल असली की माणूस असो की पक्षी, आधी परवानगी मागतो.

संध्याकाळ होत आली तेव्हा रुक्माचे नाव पुकारले गेले. तीन मिनिटांचे आता एक मिनिट झाले होते. भिवरेला आत आणले. ती दिवसभर उन्हात उभी होती. तिच्या पाठीवर, मानेवर, कानात गोचिडीच गोचिडी होत्या. सभागृहातून "अरेरे" असा आवाज उठला. तो ऐकून रुक्माला आनंद झाला. मुलांनो, हे सांगायला बरे वाटत नाही, पण झाला.

"आमच्या मंडळात लाभार्थी केंद्रस्थानी असतो," रुक्माने सुरुवात केली.

त्याच क्षणी भिवरेचे पुढचे गुडघे वाकले. ती सावकाश खाली बसली आणि तिने मान जमिनीवर टाकली.

सभागृह हेलावले. असे परिणामकारक सादरीकरण त्यांनी कधी पाहिले नव्हते. टाळ्यांचा कडकडाट झाला. हत्तीने डोळे पुसले. रुक्माने मान झुकवून टाळ्यांचा स्वीकारही केला, आणि मान झुकलेली असतानाच तिला भिवरेचा आवाज आला.

"झालं का गं तुजं?"

भिवरेच्या आवाजात राग नव्हता. असता तर रुक्माला सोसला असता. दुसऱ्याच्या कामात आपली अडचण नको, अशा बेताने तिने ते विचारले होते. रुक्माला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती उडून भिवरेच्या पाठीवर बसली.

"मावशी, कुठं खाजतंय?" तिने विचारले. कितीतरी दिवसांनी विचारले.

"समदीकडंच की, बाई."

रुक्माने मानेवरची मुख्य गोचीड पहिल्यांदा उचलली. करकोच्याने चोच वाजवून वेळ संपल्याची खूण केली. "सभागृहात कोणाच्याही अंगावरून काही काढायला उपसमितीची परवानगी लागते," असे कोणीतरी ओरडले. पुढच्या ओळीतली गोचीड निषेध म्हणून सभात्याग करायला निघाली, पण गवा जागचा हलला नाही, त्यामुळे तिला बसूनच राहावे लागले. रुक्माचे कोणाकडेच लक्ष नव्हते. गळ्यातली वेल मध्ये येत होती म्हणून तिने ती ओढून फेकून दिली. अंधार पडेपर्यंत ती टिपत राहिली. पोट भरले, मग तडस लागली, मग नुसत्याच काढून टाकू लागली.

सभागृह रिकामे झाले. भिवरेने मान उचलली. कोणीतरी टाकून दिलेला स्वागताचा हार तिने खाल्ला. चारा गोड लागला, म्हणजे जीव वाचला. रुक्मा तिच्या शिंगावर बसून रडली, आणि आपण रडताना कोणी पाहत नाही याचे तिला जन्मात पहिल्यांदा बरे वाटले.

इतक्यात करकोचा लगबगीने आला.

"अप्रतिम," तो म्हणाला. "सगळीकडे तुमचीच चर्चा आहे. वेल फेकलीत तो क्षण तर फारच सुंदर. पुढच्या वर्षी मुख्य व्यासपीठावर तुम्हीच. तीन मिनिटे नाहीत, सगळी सकाळ तुमची. विषय, 'पुन्हा पाठीकडे.' लाभार्थी हीच आणा. शक्यतो याच अवस्थेत."

करकोचा गेला.

भिवरेने उजवा कान हलवला. "समद्या निघाल्या गं. ही कानातली येक राहिली बग. येवढी काढ, मंग जाऊ घरला."

रुक्मा कानापाशी आली. आत एक बारीकशी गोचीड होती. नुकतीच चिकटलेली, तिळाएवढी. वर्षभरात चांगली वाढली असती.

रुक्माने चोच पुढे केली. मग बराच वेळ ती त्या कानाकडे पाहत राहिली.

"मावशी," शेवटी ती हळूच म्हणाली, "ही फार चावतेय का गं?"

तात्पर्य : मुलांनो, सेवा अवश्य करावी, पण कोणाच्याही अंगावरची शेवटची गोचीड कधी काढू नये. तिच्यावर पुष्कळ पोटे अवलंबून असतात. त्यांत गोचिडीचे पोट सगळ्यांत लहान असते.