सायंकाळी सातचे कुटुंब

‘घरच्या माळेले समिती काहून लागते वं? तू नाव देऊ नको,’ असा इशारा प्रेमिलाला तिच्या सासूबाई मोनिकाबाई यांनी पोळ्या लाटता लाटता दिला होता. प्रेमिला समाजशास्त्र घेऊन बी.ए. झालेली असल्यामुळे पोळपाटावरून दिलेला इशारा तिने विचारात घेतला नाही.

त्याचे असे झाले. चौऱ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात, म्हणजे जपमाळेच्या महिन्यात, शहरातल्या सदर भागातल्या त्यांच्या चर्चच्या फादरांनी रविवारच्या मिस्सेच्या उपासनेनंतर जाहीर केले की, कुटुंब ही श्रद्धेची पहिली शाळा होय. सबब प्रत्येक घराने सायंकाळी सात वाजता सहकुटुंब जपमाळ म्हणावी. आता शाळा म्हटली की तपासनीस आलाच. त्याच दुपारी ‘कुटुंब-प्रार्थना निरीक्षण समिती’ स्थापन झाली.

प्रेमिलाने नाव दिले ते रीटापायी. तिची चार वर्षांची मुलगी रीटा माळेतल्या तिसऱ्या ‘नमो मरिया’लाच कोलांटी मारी. इतरांची मुले गुडघ्यांवर कशी टिकतात, हे प्रेमिलाला एकदा जवळून बघायचे होते. तपासणीची वेळ अर्थातच सात. तेव्हा रोज सातला प्रेमिला छातीवर समितीची निळी फीत लावून परक्या घरी उभी राही आणि तिथल्या मुलांच्या हाताशी आलेली मेणबत्ती मागे सरकवी.

पहिल्याच आठवड्यात तिच्या स्वतःच्या घरी तपासणीला समितीतल्याच शोभाताई आल्या.

‘आई अनुपस्थित दिसते,’ त्या गंभीरपणे म्हणाल्या.

‘तुमच्याच समितीत हाय न बाप्पा!’ मोनिकाबाई म्हणाल्या. ‘तुमच्या घरी माळ तपासून राहिली असंन.’

‘आमच्या घरी कुलूप आहे. आमचे हे वाडीला तपासणीवर गेलेत.’

‘मंग ते कुलपाले माळ शिकवून राहिली असंन!’

प्रश्न बैठकीत गेला. साधकबाधक चर्चेअंती ठरले की, जो कुटुंबाच्या कार्यासाठी झटतो, त्याला कुटुंबात हजर राहण्यापासून सूट द्यावी. सूट मिळते म्हटल्यावर पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या, यच्चयावत कर्त्या माणसांत सेवाभाव जागा झाला. दुसऱ्या आठवड्यात घरोघरची हजेरी ढासळली. हजेरी ढासळली म्हणून निरीक्षक वाढवले. निरीक्षक वाढले म्हणून हजेरी आणखी ढासळली. शेवटी प्रेमिलाचा नवरा लॉरेन्स, जो तोवर निदान घरी असे, त्यालाही निळी फीत लागली. सातच्या सुमाराला सदरच्या चौकात सायकलींची अशी गर्दी होई की निरीक्षक एकमेकांनाच प्रभूचा जयजयकार करून परतत.

प्रेमिलाचा जीव मात्र घरात अडकलेला. सासूबाईंना हल्ली माळेच्या दुसऱ्याच टप्प्याला, म्हणजे दुसऱ्या रहस्यालाच, पेंग येई. मग घरातल्या वेदीपुढे उरत फक्त रीटा आणि पेटती मेणबत्ती. प्रेमिलाने बैठकीत घरी थांबण्याची परवानगी मागितली.

‘कारण?’ फादरांनी विचारले.

‘मुलीबरोबर माळ म्हणायची होती.’

‘हे वैयक्तिक कारण झालं, प्रेमिलाबाई.’

त्या संध्याकाळी ती फेरी अर्धी टाकून घरी धावली. दार उघडेच. आजी भिंतीला टेकून घोरत होती. रीटा स्टुलावर चढून, झग्याच्या बाहीला जेमतेम बोटभर अंतर ठेवून, मेणबत्ती सरळ करत होती. प्रेमिलाने झडप घालून तिला उचलले. रीटाने आधी तिची निळी फीत पाहिली आणि मग ती पाठ केल्यासारखे म्हणाली, ‘आई घरी नाही. बाबा पण नाही. आजी झोपली. माळ मीच म्हणून राहिली. तुम्ही बसा.’

प्रेमिला बसली. मांडीवर रीटाला घेऊन बराच वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. कुटुंबाविषयी इतकी तळमळ असलेली बाई गमावणे पॅरिशला परवडणारे नव्हते, म्हणून तो नामंजूर करून तिला अध्यक्ष नेमण्यात आले.

तेव्हा वाचकहो, प्रेमिलाची एक नम्र विनंती आहे. उद्या सातला तिला कन्हान गावच्या फेरीवर जाणे भाग आहे. तुम्ही गोष्टी वाचत बसता, म्हणजे मोकळेच असणार. जरा तिच्या घरी डोकावून रीटाला बघाल का? मेणबत्ती तेवढी मागे सरकवा. तुमच्या घरी कोण एकटे राहील, याची काळजी करू नका. तिथे समितीचा निरीक्षक येईलच.