मामीजी काय म्हणून राह्यल्या?

आमच्या आडत दुकानातला कॉम्प्युटर अडला, की कांतीकाका पडद्याकडे न बघताच विचारतात, "मामीजी काय म्हणून राह्यल्या?"

नवखा माणूस घाबरतो. आम्हाला सवय आहे. कांतीकाका म्हणजे जालन्याच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, सगळ्यात जुने प्रोग्रामर. माल तोलण्यापासून शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी पडेपर्यंत सगळं त्यांच्या प्रोग्रामवर चालतं. पूर्वी तो अख्खा त्यांच्या डोक्यात असायचा. भरल्या ताटावरून उठून चूक सुधारून यायचे, भाजी निवायच्या आत.

साठी उलटली आणि काल प्रोग्राममध्ये स्वतःच दिलेलं नाव आज आठवेना. दुसरा कुणी रामराम ठोकून घरी बसला असता. काकांनी प्रोग्रामच्या एकेका भागाला नातेवाइकांची नावं दिली. वजन तपासणाऱ्या मामीजी, कारण त्यांच्या हातून चिमूटभर साखर कधी जास्त सुटली नाही. भाव लावणारे आत्याचे यजमान फुफाजी, कारण ते घटकेघटकेला बदलायचे.

"डोकं कमी न्हाई झालं, बदललंय," काका छाती काढून सांगतात. "कालचं राहत न्हाई, पर लहानपणचं बिलकुल हलत न्हाई. मंग पक्क्या जाग्यावरच बांधायचं ना घर!"

आम्हा व्यापाऱ्यांना एवढा भरवसा नव्हता. हा हंगाम काकांना निभावला तर ठीक, नाहीतर सगळं माझ्या पुतण्याच्या हवाली करायचं, असं ठरलं. तसं काकांच्या कानावरही घातलं. पुतण्या ओंकार पुण्यात शिकलेला, गुणी पोरगा. मदत म्हणून त्याने दिवाळीत घर झाडावं तसा प्रोग्राम झाडला आणि नातेवाइकांना हाकलून इंग्रजी नावं बसवली.

दसऱ्याच्या तोंडावर वाटूरकडून नवं सोयाबीन आलं. चांगलंच ओलं होतं, पण प्रोग्रामने ते खडखडीत वाळलेलं धरून पट्टी काढली. ओलीची वजावटच नाही! बाहेर ट्रॅक्टरांची रांग आणि आत ओंकार घामाघूम. काका पडद्यासमोर बसले. एकही नाव ओळखीचं नाही. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी डोळे मिटले. "गाडी आली. दारात कोण? मामीजी. तोललं. मंग..." एकदम थांबले. "ओंकार, मासाजी कुठंयत?"

"ते जाफराबादवाले? त्यांना प्रोग्राममध्ये वर्षभर कुणी बोलावलंच न्हाई काका. बिनकामाचे वाटले, काढून टाकले."

"अरे, मावशीचा नवरा तो! दसऱ्यालाच यायचे. आले की आधी भिंतीला हात लावून म्हणायचे, ओल आलीय. वर्षातून एकदा येतो म्हणून माणूस घरातनं काढतात का?"

ओल बघणारे मासाजी परत आले आणि पट्ट्या बराबर निघू लागल्या. ओंकारने कान धरले आणि मुकाट्याने सगळी जुनी नावं परत लावायला घेतली.

संध्याकाळी चहा पिताना मी म्हणालो, "काका, एकदा मासाजींना दुकानी आणा. हार घालतो."

काकांनी चहा बशीत ओतला. "कुठनं आणू? मासाजी गेले, मामीजी गेल्या. फुफाजी तर कवाच गेल्ते. घरी हाक मारायला कुणी राह्यलं न्हाई आता. हितं सकाळी दुकानं उघडली की सगळे उठून कामाला लागतात. लई बरं वाटतं."

काका मजेत फुर्रकन चहा प्यायले.

काकांचं काय करायचं, हा विषय नंतर कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर शटर उघडलं आणि देवाला दिवा लावायच्या आधी कॉम्प्युटर लावला. मामीजींना उठवायचं होतं.